धुऱ्यापाशी सोडलेली फट

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला आई-बापावरून बोललेलं एक वेळ चालेल, धुऱ्यावरून बोललेलं चालत नाही. हे ग्रामसेवकांच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण तिथे आम्हाला मातीचे प्रकार शिकवले, शेणखताच्या खड्ड्याची लांबी-रुंदी घोकून घेतली, सभेत टाळ्या कधी वाजवायच्या हेसुद्धा शिकवलं. धुऱ्याचं नाव कोणी काढलं नाही. शिकवणारे मोठ्या शहरांतून आलेले, त्यांना तो माहीत नव्हता. आणि आम्हा शिकणाऱ्यांना तो इतका माहीत होता, की शिकवण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलं नाही.

धुरा म्हणजे दोन वावरांच्या, म्हणजे शेतांच्या, मधली पट्टी. हातभर रुंद, फार तर दोन हात. तिच्यावर गवत वाढतं, एखादी बोर उगवते, दोन्हीकडचे लोक निम्मं निम्मं गवत कापून नेतात. ती दोघांची असते आणि कोणाचीही नसते. वखर धुऱ्याच्या कडेला आला की बैलसुद्धा आपोआप वळतात. कोणाचा वखर वीतभर आत गेला तर ‘त्यानं धुरा कोरला’ असं बोललं जातं, आणि धुरा कोरणाऱ्या घराला गाव चोराच्या घरासारखं वागवतं. म्हणून शहाणा माणूस धुऱ्याला अवजार लावत नाही. शेजाऱ्यानं परवानगी दिली तरी लावत नाही, कारण परवानगी देणारा उद्या मरतो आणि त्याचा मुलगा विचारतो, आधी फावडं कोणी घातलं?

तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, आम्ही सगळे अकोल्याचे. राज्यही मध्य प्रदेश होतं. पुढे ते मुंबई झालं, कचेरीवरची पाटी बदलली, साहेब बदलले, माझी सायकल तीच राहिली. आसेगावच्या पलीकडची काही गावं माझ्याकडे होती. त्यातल्या एका गावात मारुतीच्या देवळामागे मी खोली घेऊन राहत होतो. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती आणि त्यांच्या नातवंडांना कोणी विचारत बसू नये.

विकास गट नवा होता. मागासलेल्या भागाचा कायापालट करायचा, शेतकऱ्याला नवं तंत्र द्यायचं, गावानं स्वतःच्या पायावर उभं राहायचं, असं आमचे विकास अधिकारी जीपमधून उतरल्या उतरल्या सांगायचे. मनाने चांगला माणूस. बोलायला लागला की मलासुद्धा वाटायचं, चार-पाच वर्षांत इथे सोनं पिकणार. पण वरून काय येईल याचा नेम नसे. जपानी पद्धतीच्या भातशेतीची पत्रकं एकदा गठ्ठ्यानं आली. ज्या गावात भात फक्त लग्नात शिजायचा तिथे मी ती वाटली. लोकांनी हौसेनं घेतली, चित्रं छान होती. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "भाऊ, हे जपानवाले चिखलात कायले उभे हायेत?" निर्धूर चुली आल्या, शोषखड्डे आले, लेगहॉर्न कोंबडे आले आणि आषाढात देवीला गेले. प्रत्येक गोष्टीमागे मी सायकल दामटत होतो आणि प्रत्येक गोष्ट माझ्या हातून निसटत होती.

बांधबंदिस्ती आली तेव्हा मात्र मी मनापासून खूश झालो. ही गोष्ट इथल्या मातीसाठीच होती. आमच्याकडची जमीन वरून सपाट दिसते पण आहे उताराची. पावसाळ्यात पाणी वावरावरून वाहत जातं आणि जाताना काळी माती घेऊन जातं. दरवर्षी थोडी थोडी. शेतकऱ्याला ते दिसतं, पण हळूहळू पिकणाऱ्या केसांसारखं दिसतं, कोणी त्यावर वाद घालत बसत नाही. उताराला आडवे, एका पातळीत मातीचे बांध घातले की पाणी थांबतं, मुरतं आणि माती वावरात राहते. इतकी साधी गोष्ट. यंत्र नको, वीज नको, बाहेरून काही आणायला नको. मला वाटलं, हे एक काम नीट झालं तर माझ्या या सगळ्या वणवणीला अर्थ आला.

गावाच्या उगवतीला एक माळ होता. माळाखाली दोन वावरं शेजारी शेजारी, दोन सख्ख्या भावांची. बाप होता तोवर ते एकच वावर होतं. बाप गेला, वाटणी झाली, मधे धुरा पडला आणि त्या दिवसापासून थोरला आणि धाकटा एकमेकांशी बोलले नव्हते. भांडण कशावरून, ते मला दोन वर्षांत कोणीही धड सांगू शकलं नाही. आणि या दोन्ही वावरांच्या खाली, उताराच्या पायथ्याशी, त्यांच्या चुलतीचं वावर होतं.

तिला ते काकी म्हणत, मी मावशी म्हणायचो. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा नव्हता, एक मुलगी कामरगावला दिलेली. तिच्या त्या वावरात कापूस आणि ज्वारी व्हायची, धुऱ्याकडेला तूर. माती आधीच पातळ होत चाललेली. खालच्या अंगाला कुठे कुठे मुरूम डोकावत होता. तिला काळजी कसली ते तिनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, चहाच्या कपात गूळ विरघळतोय का बघत.

"हे वावर हाय तोवर मी माह्या घरी हावो," ती म्हणाली. "वावर गेलं का मले जावयाच्या दारात जा लागते. लेकीच्या घरचं पानी पेत नाई मी, भाऊ, अन् आता तिथं जाऊन ताटावर बसू?"

जावई चांगला होता, मुलगी रोज बोलावत होती. प्रश्न त्याचा नव्हताच. मुलीच्या घरी पाण्याचा घोटही न घेणारी ती पिढी. अशा बाईनं मुलीच्या सासरी, तिच्या सासूच्या नजरेखाली, रोजचा घास गिळायचा, म्हणजे जगून उपयोग काय, असं तिचं सरळ म्हणणं होतं. बांधबंदिस्तीचं मी तिला समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुह्या सरकारचं मले काई समजत नाई. माह्या वावरातली माती राह्यते का, येवढं सांग."

"राहील, मावशी. वर पाणी अडलं की खाली माती राहते."

"मंग करून टाक."

गावात सगळ्यांत आधी हो म्हणाली ती हीच. आणि बांध तर वरच्या दोन वावरांत पडायचा होता.

सर्वेक्षणाला ओव्हरसियर आला. तिपाईवरच्या दुर्बिणीतून त्यानं पातळी बघितली, माणसाला पट्टी घेऊन पुढे-मागे पळवलं आणि चुन्याची रेघ मारली. रेघ थोरल्याच्या वावरात शिरली, वळत वळत गेली, धुरा ओलांडून धाकट्याच्या वावरात गेली आणि नाल्यापर्यंत पोचली. पाण्याला वाटणी ठाऊक नसते, त्यामुळे पातळीलाही नसते. पण रेघ बघून थोरल्याचा चेहरा उतरला.

"बांध पाह्यजे, नाई म्हनत नाई मी," तो म्हणाला. "पन सिद्दा पाह्यजे. ह्या सापावानी रेघीवर तिफन कशी वयवू? कोपऱ्यात पेरनीच होत नाई."

त्याचं खरं होतं. वाकड्या बांधामुळे वावराचे वेडेवाकडे तुकडे पडणार होते आणि पेरणीच्या तिफणीला वळायला अडचण होणार होती. मी त्याला थोडी पेर गेली तरी ओल किती वाढेल ते सांगत राहिलो. धाकट्यालाही तेच सांगितलं, वेगळं जाऊन, कारण थोरला जिथे बसला असेल तिथे धाकटा यायचा नाही. कित्येक संध्याकाळी मी एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर हेलपाटे घातले. एका घरात चहा, दुसऱ्या घरातही चहा. शेवटी दोघांनीही अंगठे दिले, वेगवेगळ्या दिवशी. मला इतका आनंद झाला की मी त्या रात्री स्वतःसाठी शिरा केला आणि करपवला.

उन्हाळ्यात काम सुरू झालं. मजूर लावले, दोन्ही भावांची घरची माणसंही खपली. पण नेमकं तेव्हाच मला तालुक्याच्या गावी शिबिराला बोलावलं. लोकांचा सहभाग कसा मिळवावा, या विषयावर शिबिर होतं! जिथे सहभाग मिळाला होता तिथून उठवून मला तो कसा मिळवावा हे ऐकायला बसवलं. परत आलो तो सायकल खोलीवर न टेकवता तसाच उगवतीच्या वावरात गेलो.

बांध झाला होता. सुरेख झाला होता. दोन्ही वावरांत कंबरेएवढा, दोन्हीकडे उतार दिलेला, चोपून घट्ट केलेला. फक्त धुऱ्यापाशी तो नव्हता. थोरल्यानं आपला बांध धुऱ्याच्या अलीकडे दोन हात थांबवला होता, धाकट्यानं पलीकडे दोन हात. मधे धुरा जसाच्या तसा, गवतासकट. त्या फटीतून बैलगाडी आरामात गेली असती.

मी संतापून तडक थोरल्याकडे गेलो.

"हे काय करून ठेवलं?"

"माह्या हद्दीत मी पुरा केला," तो शांतपणे म्हणाला. "धुऱ्याले फावडं मी काहून लावू? उद्या हा म्हनन, दादानं धुरा कोरला."

"अहो, कोरायचा कुठे आहे? वरून माती टाकायची आहे."

"मातीच्या बुडाले खनाच लागते ना. अन् धुऱ्याच्या अंगाले दोन हात जागा तं ठेवाच लागते, नाईतं माती त्याच्या बाजूले ढासयली का झालं."

धाकट्याकडे गेलो. तो म्हणाला, "दादानं पयले हात लावला तं मी आडवा येत नाई. पन मी पयले लावत नसतो."

"तोही म्हणतो, मी काहून लावू."

"म्हनू द्या."

मग मी पाण्याचं समजावलं. वावरभर पसरून वाहणारं पाणी आता बांधाला अडेल, बांधाच्या कडेनं सरकत धुऱ्यापाशी येईल आणि सगळ्या माळाचं पाणी या एका फटीतून खाली पडेल. खाली तुमची काकी आहे. बांध नसता तर बरं झालं असतं, असा बांध आहे हा! दोघांनीही ऐकलं. दोघांनाही पटलं. दोघेही काकीला आईसारखं मानत, सणावाराला तिच्या पाया पडत. पण धुऱ्याचं नाव काढलं की दोघांचे चेहरे दार लावल्यासारखे व्हायचे.

मी कचेरीत गेलो. ओव्हरसियरला सांगितलं. तो हुशार होता. त्यानं नकाशा काढला, पेन्सिलीनं धुऱ्याच्या जागी एक खूण केली आणि म्हणाला, "तिथे सांडवा दाखवून टाकू." सांडवा म्हणजे जादा पाणी काढून द्यायला ठेवलेली दगडी वाट. ती नाल्याच्या बाजूला असते, दगडांनी बांधलेली असते. इथे ना दगड ना नाला, समोर एका म्हातारीचा कापूस. मी तसं म्हणालो तर तो हसला. "अरे, काम पूर्ण दिसलं पाहिजे. पुढच्या गावचं सुरू करायचंय. तू कशाला डोक्याला ताप करून घेतोस?"

मग विकास अधिकारी पाहणीला आले. जीप माळावर उभी राहिली, हार झाले, दोन्ही भावांनी आपापल्या बांधावर उभं राहून वेगवेगळे हार घातले. साहेब बांधाच्या कडेनं चालत धुऱ्यापाशी आले आणि फटीतून पलीकडे गेले.

"अरे वा," ते म्हणाले, "जाण्यायेण्याला वाटही ठेवलीय. लोकांच्या सोयीचा विचार केलाय."

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "साहेब, ती वाट नाही, चूक आहे. पावसाळ्याआधी बुजवली पाहिजे."

"सांडवा आहे ना तो?"

"नाही साहेब."

साहेबांनी ओव्हरसियरकडे बघितलं, ओव्हरसियरनं नकाशाकडे. साहेब मला बाजूला घेऊन गेले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तळमळ आवडली मला तुमची. पण खाजगी धुऱ्यावर आपल्याला हात घालता येत नाही. दोघांची एकत्र संमती आणा, मी उद्या माणसं देतो. लोकांच्या भावनांना धरूनच विकास करायचा असतो."

आता एकत्र संमती कुठून आणू? दोघांना एकत्र बसवता आलं असतं तर कोणाची संमतीच लागली नसती! पंचांकडे गेलो. पंचांनी पान लावलं, कात-चुना केला, पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या आणि उठताना म्हणाले, "भाऊ, इहीर म्हना, सडक म्हना, शाया म्हना, आमी हाओत. धुऱ्याचा इषय काढू नका." मावशी स्वतः दोघा पुतण्यांकडे जाऊन आली. थोरल्यानं तिला बसायला घोंगडी टाकली, धाकट्यानं तिला दूध दिलं. फट तशीच राहिली.

एके दिवशी सकाळी मी टिकास आणि घमेलं घेतलं आणि एकटाच गेलो. म्हटलं, मी कोणाचा भाऊ नाही, मी धुऱ्याला हात लावला तर कोणाचं काय बिघडतं? चार घमेली माती टाकली असेल नसेल, तोच दोन्ही बाजूंनी हाका ऐकू आल्या. थोरला इकडून धावत येत होता, धाकटा तिकडून. इतक्या वर्षांत ते दोघं पहिल्यांदा एकाच कामासाठी एकाच वेळी आले, आणि ते काम म्हणजे मला थांबवणं. दोघं दोन बाजूंना उभे राहिले, एकमेकांकडे न बघता मला म्हणाले, "भाऊ, राहू द्या." थोरल्यानं माझ्या हातातलं टिकास काढून घेतलं, धाकट्यानं घमेलं. मी टाकलेली माती दोघांनी आपल्या हातानं, निम्मी निम्मी, बाजूला सारली. मला हसावं की रडावं कळेना. खालच्या वावरातून मावशी चढून आली आणि माझा दंड धरून मला घेऊन गेली.

"चाल पोरा," ती म्हणाली. "मातीपायी तुमी मारामारी करान. पानी येईन तवा पाहू."

पाणी पोळ्यानंतर आलं. तोवरच्या सरी अशा मापात पडल्या होत्या की बांधाला पाणी यायचं, मुरायचं, संपायचं. कचेरीत मला लोक चिडवायला लागले होते, काय रे, तुझा सांडवा वाहिला का? मलाही आशा वाटायला लागली होती. मावशीचा कापूस कमरेला लागला होता, पात्या-कळ्या धरल्या होत्या.

मग झड लागली. झड म्हणजे मुसळधार नव्हे, न थांबणारी. आभाळ खाली येऊन बसतं आणि उठत नाही. जमीन पिऊन पिऊन थकली, आणि एका दुपारी त्या झडीतच माळावर जोराचा पाऊस कोसळला. मी पोतं डोक्यावर घेऊन उगवतीकडे पळालो. मावशी तिच्या वावराच्या कडेला आधीच उभी होती.

शिकवलं होतं तसंच सगळं झालं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. बांधांनी पाणी अडवलं. दोन्ही वावरांत ते आरशासारखं साचलं, एक थेंबही वरून सांडला नाही. बांध एका पातळीत होते, मजबूत होते, ओव्हरसियरचं काम पक्कं होतं. साचलेलं पाणी दोन्हीकडून शांतपणे सरकत धुऱ्याशी आलं आणि तिथून खाली पडलं. आधी गवत आडवं झालं. मग बोर गेली. मग आवाज यायला लागला, मोटारीसारखा, आणि त्या फटीच्या तोंडाशी मावशीच्या वावरात खड्डा पडला. खड्ड्याचा चर झाला, चराचा नाला झाला. कापसाची झाडं उभीच्या उभी, मुळांना मातीचे गोळे घेऊन निघून चालली होती. दरसाल थोडी थोडी गेली असती ती माती, मावशीला आयुष्यभर पुरली असती ती माती, एका दुपारी गेली. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला नेमकी वाट करून दिली होती.

मावशी ओरडली नाही. मी ओरडलो. कोणाच्या नावानं ओरडलो ते आठवत नाही, भावांच्या, साहेबांच्या, शिबिरात भाषण करणाऱ्या माणसाच्या. पावसात कोणाला ऐकू गेलं नाही.

पाणी ओसरल्यावर तिच्या वावरात मधोमध माणूस उभा बुडेल असा नाला होता आणि दोन्ही बाजूंना पांढरा मुरूम. त्याच वर्षी थोरल्याला आणि धाकट्याला कधी नव्हे इतका कापूस झाला, कारण त्यांच्या वावरात ओल टिकली. गटाच्या मेळाव्यात दोघांना प्रगत शेतकरी म्हणून बोलावलं. एक सकाळी गेला, एक दुपारी. मी साहेबांना म्हणालो, "त्या बाईला काहीतरी द्या." साहेब खरोखर हळहळले. त्यांनी फायली चाळल्या, दोन-तीन ठिकाणी विचारलं आणि मला सांगितलं की योजनेत बांध बांधण्याची तरतूद आहे, बांधामुळे झालेल्या नुकसानीची नाही. मात्र मुरमाड जमिनीसाठी सीताफळाची रोपं देता येतील. रोपं आलीही. सीताफळ धरायला वर्षं लागतात, आणि तिला या दिवाळीला काय खायचं ते माहीत नव्हतं. मी ती रोपं खोलीमागे ओळीनं ठेवली आणि रोज सकाळी त्यांच्याकडे बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि मग एका संध्याकाळी दोघं भाऊ माझ्या ओट्यावर आले. एकाच वेळी. एक या टोकाला बसला, एक त्या टोकाला. मला वाटलं, पश्चात्ताप झाला असेल, काकीसाठी काही करायचं म्हणत असतील. थोरला घसा खाकरून म्हणाला, "भाऊ, पान्यानं धुरा वाहून गेला. ह्याचं वावर कुठं संपते अन् माहं कुठं सुरू होते, समजून नाई राह्यलं. तेवढा आखून द्या."

धाकटा म्हणाला, "दगड बसवून द्या म्हना. पक्का."

मी दोघांना काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, रागावले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी परस्पर कचेरीत अर्ज दिला. या अर्जावर मात्र दोघांचे अंगठे शेजारी शेजारी होते. मोजणीची माणसं जीपमधून लगेच आली, साखळी टाकली, धुरा होता तिथे दगड रोवले. दोन भावांच्या एकत्र संमतीनं झालेलं काम म्हणून साहेबांनी ते दुसऱ्या गावात उदाहरण म्हणून सांगितलं. फट बुजवण्याचा विषय मी पुन्हा काढला, तर म्हणाले, आता खाली वाचवायला काय आहे?

मावशी थंडी पडायच्या आत गेली. घराला कुलूप लावलं, शेळी शेजारणीला दिली. कामरगावला जायला थोरल्यानं गाडी काढली, धाकट्यानं गाडीत कडबा पसरून वर गोधडी घातली आणि तिला हाताला धरून चढवलं. दोघेही रडत होते आणि ते रडणं खोटं नव्हतं. त्याचाच मला जास्त राग येत होता. त्यांना शिव्या घालता आल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवलो असतो.

मी गाडीच्या चाकाला धरून उभा होतो. मला तिला सांगायचं होतं की चूक झाली, की मी वरपर्यंत लिहीन, की सरकार इतकं वाईट नाही. त्याआधीच तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि वाकून, भावांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला विचारलं, "तुह्या नोकरीले तं काई झालं नाई ना, पोरा?"

खरंच काही झालं नव्हतं. उलट माझ्या कामाबद्दल वर चांगलं लिहून गेलं होतं आणि मोठ्या गटात बदलीचं ठरत होतं. मी म्हणालो, "नाही, मावशी."

"मंग बरं," ती म्हणाली. "माह्या वावरापायी तुले कोनी बोललं असतं, तं मले तिथं घास गिळवला नसता."

थोरल्यानं बैल हाकले आणि गाडी आसेगावच्या बाजूला निघाली.